खालचे पुढचे चार

माणसं मला चेहऱ्यावरून लक्षात राहत नाहीत, जबड्यावरून राहतात. तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतोय. रस्त्यात कुणी "काय मास्तर, ओळखलंत का?" म्हणून हसलं की मी आधी त्याच्या तोंडात बघतो. वरचा सुळा दिसला की मग कुठे नाव आठवतं. बायको याला फार वैतागायची. "अहो, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं, एवढं तरी शिका," म्हणायची. मला ते कधी जमलं नाही.

म्हणूनच त्या मंगळवारी ठशांची पिशवी आली तेव्हा त्यांतून काढलेला सातवा साचा बायकोच्या तोंडाचा आहे हे मला चिठ्ठी न वाचता कळलं.

आमच्याकडे काम असं येतं. दातांचे डॉक्टर ट्रेमध्ये मऊ लगदा भरून पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. आजूबाजूच्या चार शहरांतून असे ठसे पिशवीने आमच्याकडे येतात. आम्ही त्यात प्लॅस्टर ओततो, ते वाळलं की उचकटून काढतो, आणि टेबलावर कुणाचा तरी पांढरा जबडा उभा राहतो. चिठ्ठीवर पेशंटचं नाव नसतं. नंबर, वय आणि काय करायचं तेवढं असतं. प्लॅस्टर ओतणारा सुट्टीवर होता, म्हणून त्या दिवशी ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

साचा काढला आणि उजेडात धरला. वरचा डावा सुळा पायरीवर चढून उभा असल्यासारखा. उजवीकडची दाढ कोपऱ्यात टवका उडालेली. खाली मात्र मधोमध, जिथे पुढचे चार दात असायला हवेत, तिथे काहीच नाही. बाकावरची चार माणसं उठून गेल्यावर राहते तशी नुसती सपाट जागा.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगतो. प्लॅस्टर छान बसलंय, बुडबुडा एकही नाही. तिच्या तोंडात आता ते दात नाहीत हे त्यानंतर आलं, आणि तेही दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकावं तसं.

चिठ्ठी वाचली. स्त्री, वय पन्नास. खालचे पुढचे चार. तात्पुरती प्लेट. शुक्रवारपर्यंत. खाली हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचा शिक्का, आमची मुलगी राहते त्या शहराचा.

बायको तिकडेच होती. मुलीने घर बदललं, सामान लावायला मदत हवी म्हणून पंधरा दिवसांसाठी गेली होती. त्याला चाळीस दिवस झाले होते. फोन करायचो तेव्हा "येईन" म्हणायची. "कधी?" म्हटलं की "बघते." मी पुढे विचारत नव्हतो. विचारलं आणि तिने उत्तर दिलं तर काय, याची मला भीती वाटत होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणारी बाई बसते. आम्ही तिला मेणवाली म्हणतो, तीही ऐकून घेते. बोलण्यात कुणाला हार जात नाही.

"मास्तर, त्या साच्याशी लग्न लावायचंय का?" ती म्हणाली. "केव्हापासून हातात धरून बसलाय."

"लागलंय आधीच," मी म्हणालो.

ती खळखळून हसली. मास्तर आज रंगात आहेत म्हणून तिने पलीकडच्याला पण सांगितलं.

आता मागचं सांगायला हवं, त्याशिवाय हे कळायचं नाही.

लग्न झालं तेव्हा मी नुकता कामाला लागलो होतो. सरावाला जबडे मिळायचे नाहीत, म्हणून हिच्या तोंडाचा ठसा घेतला. तो लगदा घशाकडे गेला तेव्हा ती इतकी हसली होती की ठसा तीनदा घ्यावा लागला. पुढे दर दोन-तीन वर्षांनी घेतच गेलो. लोक बायकोचे फोटो काढतात, मी साचे काढायचो. कपाटावर नऊ जबडे ओळीने उभे होते. पाहुणे आले की ही त्या जबड्यांवर टॉवेल टाकायची.

सहाव्या साच्यापासून मला दिसायला लागलं की दात लांब झालेत. दात काही या वयात वाढत नाहीत. हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात, हे मला माहीत होतं. मी मापं घेतली. प्रत्येक दाताचं माप साच्याच्या बुडाला पेन्सिलीने लिहिलं, मागच्या साच्याशी ताडून पाहिलं, आणि साचा कपाटावर ठेवून दिला. घराची भिंत कलली आहे आणि घरमालक रोज ओळंबा धरून किती कलली ते लिहून ठेवतोय, असा प्रकार.

प्लॅस्टरमधून रक्त येत नाही. तिच्या हिरड्यांतून येत होतं. दात घासून झाले की बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायचं.

"अहो, परत रक्त आलं," ती म्हणायची.

"ब्रश कडक असेल. मऊ घे."

"मऊच आहे."

"दुखतं का?"

"दुखत नाही."

"मग झालं तर."

हा आमचा संवाद किती वर्षं चालला कुणास ठाऊक. हिरड्यांचा हा आजार दुखत नाही, हीच त्याची मेख आहे. दाढ किडली तर माणूस मुकाट्याने डॉक्टर गाठतो. हा आत बसून हाड खात राहतो आणि वर सगळं ठीकठाक. धंद्यातल्या माणसाला हे माहीत असतं. मलाही होतं. पण माझ्या टेबलावर तोंड येतं ते दात गेल्यानंतर, त्याआधी काय होतं ते मी कानाने ऐकलेलं, डोळ्याने पाहिलेलं नाही.

मग वास यायला लागला. तिला तो आधी कळला. बोलताना तोंडावर हात धरायला लागली, झोपताना भिंतीकडे तोंड करायला लागली. मीही दुसरीकडे तोंड करायचो. तिला वाटायचं मला कळलेलं नाही, आणि मी तिला तसं वाटू द्यायचो. दोघांनी मिळून तो विषय असा टाळला की पुढे बाकीचे विषयही आपोआप टळत गेले.

एके दिवशी सफरचंद चावताना तिचा खालचा दात हलला. सफरचंद तसंच बशीत ठेवून ती माझ्यापुढे येऊन बसली. मी बोट लावून पाहिलं. चारही हलत होते, मधले दोन जास्त.

आता डॉक्टर माझ्याकडे काम पाठवतात ते मोडलेलं नीट करून घ्यायला. मोडकं दिसलं की ते नीट करायचं, हेच हातांना ठाऊक. मी लॅबमधून पोलादी बारीक तार आणली. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर तिला बसवलं, दिवा जवळ ओढला, आणि एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत दातांच्या मागून तार घेऊन, दर दोन दातांमध्ये पीळ देऊन सगळे एकमेकांना बांधले. पिळांवर पातळ प्लॅस्टिकचे थेंब सोडले, जिभेला टोचू नये म्हणून. पाऊण तास लागला. तिने हूं की चूं केलं नाही.

मग तिने दातांवरून जीभ फिरवली. "घट्ट झाले की हो," म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे तसं बघून बरीच वर्षं झाली होती. मला खूप बरं वाटलं. या सगळ्या गोष्टीत मला काही वाटलेलं मी खात्रीने सांगू शकतो, असा तो एकच प्रसंग.

चार महिन्यांनी मी तारेसकट साचा घेतला, तो नववा. तो लॅबमध्ये आणून ठेवला होता. खरं तर मिरवायलाच. आमच्याकडे दातांचे एक तरुण डॉक्टर कामाची चौकशी करायला येत, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"तार सुरेख बांधलीय, मास्तर. कुणाचं तोंड?"

"घरचंच आहे."

त्यांनी साचा खाली ठेवला. चेहऱ्यावरचं हसू आवरलं.

"रक्त येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"वास? फटी वाढल्यात?"

"हो."

"आणि हलत होते म्हणून तुम्ही बांधले. मास्तर, यातली एखादी गोष्ट असती तर मी म्हटलं असतं माझ्याकडे आणा, साफ करू आणि महिन्याभराने बघू. तुमच्याकडे सगळ्याच आहेत. हे माझ्या हातचं काम नाही. हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे न्या. ते एक्स-रे काढून हाड किती उरलंय बघतील, हिरडीच्या आतून सफाई करतील. तार त्याच्या नंतर बांधायची असते. आधी बांधली की दात हलायचे थांबतात, माणूस निर्धास्त होतो आणि आत काम चालूच राहतं."

"नेतो," मी म्हणालो.

"याच महिन्यात न्या. आत्ता गेलात तर दात वाचतील."

संध्याकाळी घरी आलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"डॉक्टरांना तुझी तार दाखवली," मी म्हणालो. "सुरेख आहे म्हणाले."

"आणखी काही म्हणाले?"

"नाही."

'नाही' का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तज्ज्ञाने पहिलं काम तार कापायचं केलं असतं, हे एक. कुठल्या डॉक्टरने बांधली असं विचारलं असतं, आणि मी डॉक्टर नाही. पण खरं सांगायचं तर ती घट्ट झाले म्हणून माझ्याकडे बघत होती ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. उद्या सांगू म्हटलं. मग उद्याचे पुष्कळ उद्या झाले, आणि नंतर नुसतं "डॉक्टरकडे चल" एवढं सांगून भागणार नव्हतं, आधी का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं. असं करता करता तीन वर्षं गेली. तार मात्र एकदाही सुटली नाही.

साचा टेबलावर ठेवून मी हात धुतले आणि मागच्या दारात जाऊन मुलीला फोन लावला.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. पडलीय जरा."

"दातांचं काम केलं का तिचं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साचा आलाय माझ्याकडे."

"ओळखलात तुम्ही?"

"हो."

"महिन्यापूर्वी हिरडी सुजली तिची. पू आला. मी उचलून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तार कापली आणि बाबा, चारही दात नुसते आडवे झाले. ओढायलासुद्धा लागले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, दात हाडात नव्हतेच, तारेला धरून उभे होते."

मी ऐकत होतो. नळ नीट बंद झाला नव्हता, तो मी बंद केला.

"त्यांनी विचारलं, तीन वर्षांत तुम्हाला कुणी तज्ज्ञाकडे जा म्हणालं नाही का? आई म्हणाली, आमच्याकडच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं, सुरेख आहे म्हणाले. बाबा, कुठले डॉक्टर असं म्हणाले?"

"आईला दे फोन."

"ती नाही बोलायची. बोलताना हवा जाते, लाज वाटते तिला."

"तिला माहीत आहे, काम आमच्या लॅबला आलंय ते?"

"माहीत आहे. डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठे पाठवू? तीच म्हणाली, तिकडेच पाठवा. दात तरी चांगले होतील."

फोन ठेवून मी आत आलो. मला रडू यायला हवं होतं, निदान हात तरी कापायला हवे होते. हात स्थिर होते. मी त्यांच्याकडे बघत बसलो आणि मला त्यांचीच धास्ती वाटली. मग कामाला लागलो, कारण शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

चार दातांची प्लेट म्हणजे तसं चिल्लर काम. कारखान्यातून आलेल्या पट्टीतून रंग जुळवून दात निवडायचे, मेणात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक. चिठ्ठीवरचा रंग तिच्या दातांपेक्षा एक छटा फिका होता. मी एक छटा गडद घेतले. कारखान्याचे दात शिपायांसारखे सरळ रांगेत बसतात. तिचा डावीकडचा दुसरा दात पहिल्याच्या खांद्यावर चढलेला होता. मी तो तसा बसवला, काढला, आणखी थोडा फिरवून परत बसवला.

मेणवाली वाकून बघत होती.

"मास्तर, वाकडा बसलाय हा."

"वाकडाच होता."

"दात नाहीतच तिथे. तुम्हाला कसं कळलं?"

तिने चिठ्ठी उचलून वाचली. शहराचं नाव वाचलं, वय वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी होती तिथे हलकेच ठेवली. त्या दिवशी तिने परत थट्टा केली नाही, आणि दुपारी माझा चहा माझ्या टेबलावर आणून दिला.

शुक्रवारी मी पिशवीतून प्लेट पाठवली नाही. रजा टाकली, डबी खिशात घातली आणि सकाळची गाडी पकडली. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होतो. चारच वाक्यं होती, पण दर वेळी तिसऱ्याला अडकत होतो.

मुलीने दार उघडलं आणि बाजूला झाली. तिचं नवं घर मी पहिल्यांदाच बघत होतो. खोक्यांतलं सामान लागलं होतं, पडदे लागले होते, खिडकीत कुंड्या होत्या. पंधरा दिवसांचं काम कधीच उरकलेलं दिसत होतं. बायको टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. मला बघून तिने डावा हात तोंडावर नेला. अठ्ठावीस वर्षं मी त्या तोंडात डोकावत आलो, आणि आज ते माझ्यापासून झाकलेलं होतं.

"आलात," ती हाताआडून म्हणाली.

मी समोर बसलो. मुलगी आत गेली नाही, दारातच उभी राहिली.

"त्या डॉक्टरांनी तार सुरेख आहे म्हटलं होतं, ते खरं आहे," मी म्हणालो. "त्यांनी आणखीही सांगितलं होतं. तुला हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे न्या, याच महिन्यात न्या. दात वाचतील असं म्हणाले होते. मी तुला सांगितलं नाही."

तिने शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले, टरफल दुसरीकडे टाकलं.

"का?" तिने विचारलं.

"तार काढावी लागली असती."

मला वाटलं आता ती ओरडेल. तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. शब्दांबरोबर हवा जात होती, त्यामुळे तिने हात आणखी घट्ट दाबला. "एकदा त्या दिवशी. आणि एकदा वर्षाने, वास वाढला तेव्हा. तेव्हाही तुम्ही नाही म्हणालात."

ते मला आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "चला, दोनची वेळ आहे."

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. आम्ही तिघं चालत गेलो, मुलगी मध्ये. तज्ज्ञ डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, कामाला चपळ. बायको खुर्चीत बसली आणि मी आत आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"हे लॅबमधले आहेत," बायको म्हणाली. "प्लेट घेऊन आलेत."

मुलीने खाली बघितलं. मी नमस्कार केला आणि खिशातून डबी काढली.

"अरे वा, स्वतः आलात. बरं झालं, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी मला मापं घेऊ द्या."

त्यांच्या हातात बारीक सळई होती, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडीच्या मधून ती अलगद आत सोडायची, कुठवर जाते ते बघायचं, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. त्यांची मदतनीस लिहून घेत होती. तीन. चार. चार. सहा. पाच. मी तीस वर्षं बाहेरून मापं घेतली होती. सगळं जे चाललं होतं ते आत होतं, आणि त्याचंही माप असतं.

"सुधारतंय," त्या म्हणाल्या. "वरचे राहतील. ही मागची दाढ अजून सांगता येत नाही." मग भिंतीवरच्या एक्स-रेकडे बोट करून मला म्हणाल्या, "तुम्हाला दाखवते, तुमच्या कामाचं आहे. ही हाडाची रेघ बघा कुठे होती आणि कुठे आलीय. यांच्या मिस्टरांनी घरीच तार बांधली होती. हात चांगला असणार त्या माणसाचा. तार कच्ची असती तर वर्षभरात सुटली असती, दात परत हलले असते, आणि या माझ्याकडे दोन वर्षं आधी आल्या असत्या. मग दात गेले नसते."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही लॅबवाले साचे बघता. मुळं उघडी दिसली, फटी दिसल्या, तर डॉक्टरांच्या कानावर घालत जा. लोक दुखायची वाट बघतात, आणि हे दुखत नाही."

"घालत जाईन."

बायको छताकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. ते मला कधीच कळत नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

मी डबी उघडून दिली. डॉक्टरीणबाईंनी प्लेट धुऊन तोंडात बसवली. एका दमात बसली. त्यांनी आरसा पुढे केला. बायकोने खालचा ओठ ओढून पाहिलं, तो चढलेला दात पाहिला, बोटाने एकदा चाचपला आणि आरसा परत दिला.

"असाच होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"असाच होता."

"आता एकसष्टपासून मोजा."

हे आमच्या धंद्यात सगळीकडे करतात. पुढच्या दातांत काही चुकलं असेल तर 'स' म्हणताना शिट्टी वाजते, आणि साठीच्या आकड्यांत 'स' भरपूर. ती मोजायला लागली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्टला बारीक शिट्टी आली. माझा हात आपोआप पुढे झाला. प्लेट घेतली, दवाखान्यातल्या मशीनवर आतली कड केसभर घासली, परत दिली. पुन्हा एकसष्ट. या वेळी सत्तरपर्यंत स्वच्छ गेली. मी मान हलवली.

डॉक्टरीणबाई कार्ड काढून बसल्या. "आता दर तीन महिन्यांनी सफाई, चुकवायची नाही. या वर्षाच्या चार तारखा देऊन ठेवते. की तुमच्या गावात कुणी तज्ज्ञ बघून देऊ? जवळ पडेल."

"इथल्याच द्या," बायको म्हणाली. "मी इथेच राहणार आहे."

त्यांनी चार तारखा लिहिल्या. मुलीने कार्ड पर्समध्ये ठेवलं. बायको खुर्चीतून उतरली, चपला घातल्या, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात तोंडावर नव्हता.

"साडेपाचची गाडी आहे ना तुमची?" ती म्हणाली. "निघा आता, नाहीतर चुकेल."

मी नेहमीसारखा तिच्या तोंडाकडे बघत होतो. साडेपाच, त्यातला 'स' बरोबर आला, 'च' बरोबर आला. चुकेल म्हणताना प्लेट उचलली गेली नाही. ओठ जागच्या जागी बसत होता. इतकी चोख प्लेट मी क्वचित केली असेल.

"छान बसलीय," मी म्हणालो. रिकामी डबी खिशात घातली आणि निघालो.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. ती तिथेच राहणार म्हणाली होती, ते मला गाडी शहराबाहेर पडल्यावर ऐकू आलं.